मोबाईल आपला, पण ब्राउझर कुणाचा?

आज चाळिशी ओलांडलेल्या कोकणातल्या कोणत्याही बौद्धाला 'पी.पी. नंबर' म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. आपल्या वाडीत फोन नसायचा. फोन असायचा गावातल्या दुकानदाराकडे किंवा एखाद्या मोठ्या घरात. मुंबईला गिरणीत, गोदीत, महापालिकेत कामाला असलेला आपला माणूस त्या नंबरवर फोन करायचा आणि मग तिथून वाडीवर निरोप यायचा. कुडाळ तालुक्यातील आमच्या गावातही हीच रीत होती. माझ्या थोरल्या भावाचा फोन आला की त्या घरातला माणूस ओटीवरूनच आईला सांगायचा, "गो, तुझ्या झिलाचो फोन इलो हा. खळ्यातच रव." आई खळ्यात उभी राहायची, खिडकीच्या गजांतून रिसिव्हर बाहेर यायचा. बोलणे झाले की तो रिसिव्हर फडक्याने पुसून आत घेतला जायचा. भावाला अपघात झाल्याची बातमी आईने अशीच खळ्यात, पावसात उभे राहून ऐकली. तिचे रडणेसुद्धा दुसऱ्याच्या अंगणात झाले.

मोबाईलने हे संपवले. मोबाईलच्या नावाने कितीही बोटे मोडली तरी हे त्याचे ऋण आपण मान्य केले पाहिजे. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना या देशातला पहिला मोबाईल फोन केला. त्या काळात एका मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत मोजावे लागत आणि येणाऱ्या फोनचेही पैसे पडत. २००३ साली येणारे फोन फुकट झाले आणि मोबाईल मजुराच्या खिशात आला. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि फोनबरोबर इंटरनेटही बौद्धवाडीत शिरले. वीस-बावीस वर्षांत झालेला हा बदल लहान नाही. ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षराला शिवू दिले नाही, त्या समाजाच्या हातात आज सगळ्या जगाची ग्रंथालये उघडणारे यंत्र आहे.

मग प्रश्न असा आहे की, या यंत्रातून आपण काय उघडतो?

या स्तंभात मला मोबाईलच्या फायद्या-तोट्यांवर शाळकरी निबंध लिहायचा नाही. गेल्या काही वर्षांत वकिली करताना आणि चळवळीत वावरताना जे डोळ्यांनी पाहिले, त्यातून एकच मुद्दा मांडायचा आहे. आपण मोबाईल विकत घेतला, पण तो वापरण्याची विद्या घेतली नाही. आणि विद्या नसलेल्या हातातले हत्यार शेवटी दुसऱ्याच्याच कामी येते.

आधी एक प्रसंग सांगतो. स्मशानभूमीच्या रस्त्यावरून एका वाडीत वाद झाला. प्रेतयात्रा अडवली, जातिवाचक शिवीगाळ झाली. आपल्या एका मुलाने हिमतीने सगळा प्रकार मोबाईलवर टिपला. तासाभरात तो व्हिडिओ पंधरा-वीस व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला, मुंबई मंडळात पोचला, निषेधाच्या सभा झाल्या. काही महिन्यांनी कागदपत्रे माझ्यासमोर आली तेव्हा मी त्या मुलाला विचारले, "मूळ व्हिडिओ कुठे आहे?" तो म्हणाला, "सर, फोनची मेमरी भरली म्हणून डिलीट केला. पण ग्रुपवर आहे ना!" ग्रुपवर जे होते ते दहा हातांतून गेलेले, आकाराने लहान झालेले, कुणीतरी वर निळ्या पट्टीत 'जय भीम' लिहिलेले आणि मागे गाणे लावलेले चित्रण होते. विरोधी पक्षाच्या वकिलाला आणखी काय हवे असते? जो पुरावा आरोपीला तुरुंगात पाठवू शकत होता, त्याची आपणच रील करून टाकली.

त्या मुलाचा काय दोष? त्याला कुणी सांगितलेच नव्हते. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान केला जातो आणि मूळ फाईलमधल्या नोंदी तशाच राहत नाहीत. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी कायद्याने प्रमाणपत्र लागते. जालना विधानसभा निवडणुकीच्या वादातून निर्माण झालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी हे स्पष्ट केले. मूळ यंत्रच न्यायालयात हजर करून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर गोष्ट वेगळी. नाहीतर प्रतीसोबत प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची अट आहे आणि त्यात फाईलचा हॅश, म्हणजे त्या फाईलचा अंगठ्याचा ठसा, नमूद करावा लागतो. फाईलमध्ये एका अक्षराचा फरक झाला तरी हा ठसा बदलतो. तेव्हा अत्याचाराचे चित्रण केले तर मूळ फाईल पुसू नये, तिच्यावर काही लिहू नये, आणि ज्या फोनवर चित्रण केले तो फोन विकू नये किंवा दुरुस्तीच्या नावाखाली कोरा करू नये. एवढी गोष्ट प्रत्येक वाडीतल्या चार तरुणांना माहीत असती तर कितीतरी खटल्यांचे रूप वेगळे दिसले असते.

मोबाईलचे बळ चळवळीला ठाऊक नाही असे नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. प्रस्थापित वृत्तपत्रांनी सुरुवातीला त्या बातमीकडे पाठ फिरवली. तेव्हा मोबाईलवरचे एसएमएस, ई-मेल आणि सत्यशोधन करणाऱ्या कार्यकर्त्यांनी काढलेले फोटो यांनी ती बातमी महाराष्ट्राला कळवली आणि लोक रस्त्यावर आले. तेव्हा कुणाकडे स्मार्टफोन नव्हता. साध्या बटनांच्या फोनवर, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून लोकांनी ते केले. दुसरीकडे हाच मोबाईल आपल्या जिवावरही उठला. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाची हत्या झाली. त्याच्या मोबाईलवर बाबासाहेबांवरील गाण्याची रिंगटोन वाजली, हे त्या वादाचे कारण असल्याचे फिर्यादीत आले. खिशातला फोन वाजला म्हणून माणूस मारला जातो असा हा देश आहे. फोन आला म्हणून जात गेली, असे समजणाऱ्यांनी शिर्डी विसरू नये.

आता ब्राउझरकडे वळू. आपल्यापैकी बहुतेकांना इंटरनेट म्हणजे व्हॉट्सॲप, यूट्यूब आणि फेसबुक एवढेच वाटते. पण फोनमध्ये आणखी एक खिडकी असते, तिला ब्राउझर म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स, ऑपेरा, एज ही तिची नावे. न्यायालयाचे निकाल, शासन निर्णय, सातबारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, बाबासाहेबांचे खंड या गोष्टींकडे जाण्याचा सर्वांत मोकळा रस्ता याच खिडकीतून जातो. ही खिडकी जुनी आहे. २००६ साली ऑपेरा मिनी आले तेव्हा ते नोकियाच्या साध्या फोनवरही चालायचे. पान आधी त्यांच्या सर्व्हरवर दाबून लहान केले जायचे आणि मग फोनवर यायचे, म्हणून गरिबाच्या थोड्या पैशांत जास्त पाने वाचून व्हायची. अडचण मराठीची होती. देवनागरी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. आपली वृत्तपत्रेही ज्या फॉन्टमध्ये छापली जात त्यातला मजकूर फोनवर वाचता येत नसे. ती अडचण युनिकोडने आणि नव्या फोनांनी दूर केली. आज फोनवर मराठी लिहिता येते, वाचता येते, एवढेच काय बोलून टंकताही येते. आता सबब उरलेली नाही.

पण ही खिडकी कुणाच्या घराची आहे? आपल्या बहुतेक फोनांत क्रोम आधीच बसवलेले येते. ते गुगलचे आहे आणि गुगलच्या मूळ कंपनीच्या उत्पन्नाचा तीन चतुर्थांशाच्या आसपासचा भाग जाहिरातींतून येतो. आंड्रॉइड फोनांबाबत बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. स्वतःची ॲप फोनबरोबर गळ्यात मारणे हा त्यातला एक मुख्य आक्षेप होता. मार्च २०२३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने आयोगाचे काही निर्देश रद्द केले, पण दंड कायम ठेवला. पुढे वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. सांगायचे एवढेच की, फोनमध्ये जे आयते आले तेच वापरले पाहिजे असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. मनूने नेमून दिलेला धंदा आपण सोडला. कंपनीने नेमून दिलेला ब्राउझर सोडायला कशाची भीती?

इथे 'ॲड-ऑन' या गोष्टीची ओळख करून घ्यावी. शिलाई मशीन तेच असते, पण काजे करायची तर तिला वेगळा भाग लावावा लागतो. तसा ब्राउझरला जोडायचा हा जादा भाग. कुणी जाहिराती अडवतो, कुणी पासवर्ड सांभाळतो, कुणी पानाचा झगझगीत पांढरा रंग काळा करून रात्री वाचणाऱ्याचे डोळे वाचवतो. ही सोय संगणकावर फार वर्षांपासून आहे. मोबाईलवर मात्र ती सहजासहजी मिळू दिलेली नाही. आंड्रॉइड फोनवरच्या नेहमीच्या क्रोममध्ये असे ॲड-ऑन बसवता येत नाहीत. मोझिला या ना-नफा संस्थेच्या फायरफॉक्सने मात्र डिसेंबर २०२३ पासून आंड्रॉइडवर चारशेहून अधिक ॲड-ऑन खुले केले. ॲपलच्या फोनवर सफारीत २०२१ पासून ही सोय आहे. फायरफॉक्स फुकट आहे आणि स्वयंसेवकांच्या श्रमामुळे मराठीतही आहे.

कुणी म्हणेल, वकीलसाहेब, जाहिराती अडवल्या काय आणि न अडवल्या काय, चळवळीला त्याचे काय? त्यांच्यासाठी दुसरा प्रसंग. बारावी झालेली एक मुलगी, आई काजूच्या कारखान्यात कामाला. मुलीला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. तिने मोबाईलवर शोध घेतला, सगळ्यात वर जे आले ते दाबले. रंग तेच, राजमुद्रेसारखे चित्र तसेच. तिने नाव, आधार क्रमांक, जातीच्या दाखल्याचा फोटो असे सगळे भरले आणि 'प्रक्रिया शुल्क' म्हणून पैसेही भरले. ते शासनाचे संकेतस्थळ नव्हते, ती जाहिरात होती. पैसे गेले, कागद गेले आणि खरा अर्ज राहून गेला. खऱ्या महाडीबीटी पोर्टलचा पत्ता महाराष्ट्र शासनाचा असतो, त्याच्या शेवटी 'डॉट जीओव्ही डॉट इन' असते, हे तिला कुणी शिकवले नव्हते. त्या मुलीने आईला चार दिवस काही सांगितले नाही. जे वर्ष वाया जाण्याची भीती असते ते आपल्या घरात केवळ मुलीचे वर्ष नसते. त्यानंतर बहुधा लग्नच असते.

जाहिरातीच्या वेशात फसवणूक होते हे केवळ माझे म्हणणे नाही. अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये नागरिकांना जाहीर सूचना दिली की, शोधाच्या निकालांत खऱ्या संस्थांची नक्कल करणाऱ्या जाहिराती येतात, त्यापासून वाचण्यासाठी जाहिराती रोखणारे ॲड-ऑन वापरावे. फायरफॉक्समध्ये 'यूब्लॉक ओरिजिन' नावाचे असे ॲड-ऑन फुकट मिळते. उजवीकडच्या टिंबांवर बोट ठेवून 'एक्स्टेन्शन' हा पर्याय उघडला की दोन मिनिटांत ते बसते. जाहिरात गेली की पान लवकर उघडते, डेटाही वाचतो. सह्याद्रीच्या पायथ्याच्या ज्या वाड्यांत रेंजसाठी आजही काजूच्या बागेतल्या उंचवट्यावर चढावे लागते, तिथे हा फरक लहान नाही. तरीही फसवणूक झालीच तर लाजून घरी बसू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. जितका उशीर, तितके पैसे मिळणे कठीण.

एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे. ॲड-ऑन हे परक्याला घरात घेण्यासारखे आहे. तुम्ही जी पाने पाहता ती त्यालाही दिसू शकतात. म्हणून दिसेल ते बसवू नये. ब्राउझरच्या अधिकृत यादीतून, शिफारस केलेल्यांपैकी, दोन-तीनच घ्यावीत. फुकटाच्या मोहात मागे आपण एकदा पडलो आहोत. यूसी ब्राउझर एके काळी या देशात घरोघर होते. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ चिनी ॲपमध्ये ते होते. आणि पाळत केवळ परदेशी कंपन्याच ठेवतात असेही नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने ज्यांचे फोन लक्ष्य केल्याचे व्हॉट्सॲपने स्वतः कळवले, त्यांत डॉ. आनंद तेलतुंबडे आणि नागपूरचे ॲड. निहालसिंग राठोड होते. भीमा-कोरेगाव प्रकरणातील रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून फाईल घुसवल्याचे अमेरिकेतील एका प्रयोगशाळेच्या अहवालात नमूद झाल्याचे फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. चळवळीच्या माणसाने फोन आंधळेपणाने वापरणे आता परवडणारे नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरवला. पण हक्क कागदावर असतो, दाराला कडी आपणच लावायची असते.

आता सर्वांत कडू गोष्ट. १ ऑगस्ट २०२४ रोजी अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने दिला. निकाल साडेपाचशेहून अधिक पानांचा. त्या रात्रीच आपल्या ग्रुपवर पाच ओळींचे मेसेज फिरू लागले. कुणी लिहिले आरक्षण संपले, कुणी लिहिले क्रिमी लेयर लागू झाला, कुणी न्यायमूर्तींना शिव्या घातल्या. २१ ऑगस्टला भारत बंद झाला. त्या निकालाबद्दल माझे मत आहे, तुमचेही असेल, ते वेगवेगळेही असू शकेल. पण मी त्या दिवसांत भेटेल त्याला एकच विचारले, "निकाल वाचला का?" सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर तो त्याच दिवशी फुकट उपलब्ध होता. ज्या ब्राउझरवर तो उघडतो तो प्रत्येकाच्या खिशात होता. क्रिमी लेयरबद्दल काही न्यायमूर्तींनी मत नोंदवले म्हणजे तो त्या दिवसापासून लागू झाला असे होत नाही, एवढा साधा भेदसुद्धा आपल्या शिकलेल्या माणसांनी केला नाही. ज्या बापाने ग्रंथांसाठी राजगृह बांधले, त्याची लेकरे फॉरवर्डवर लढाया करू लागली.

याच मोबाईलवर बाबासाहेबांच्या नावाने रोज नवी वाक्ये जन्माला येतात. बाबासाहेब जे कधी बोलले नाहीत, लिहिले नाहीत, ते त्यांच्या फोटोखाली छापून आपणच पसरवतो. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर : लेखन आणि भाषणे' ही खंडमाला काढली, वसंत मून यांनी तिच्यासाठी आयुष्य वेचले. त्या खंडांची छपाई रखडली तेव्हा डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. पण इंग्रजी खंडांच्या पीडीएफ परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर उपलब्ध झालेल्या आहेत. 'जातिसंस्थेचे उच्चाटन' हे भाषण इंग्रजीत कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर टिपांसह वाचायला मिळते. म्हणजे छापील खंड मिळाला नाही हे खरे, पण वाचायला मिळाले नाही हे खरे नाही. तथागतांनी कालामांना काय सांगितले? परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरूने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासा. मग ग्रुपवर आले म्हणून मानणे हे कोणत्या धम्मात बसते?

या फोनचा न्यायासाठी उपयोग करायचा तर वाटा किती आहेत पाहा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक माध्यमातून पोलिसांना खबर देता येते. तीन दिवसांत सही केली की ती नोंदली जाते. म्हणजे ठाण्यात जाताना वाट अडवली जाईल अशी भीती असलेल्या वाडीला घरातून खबर पाठवता येते आणि कधी पाठवली याचा पुरावा फोनमध्ये राहतो. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५ अ (१०) प्रमाणे या कायद्याखालील कार्यवाहीचे चित्रीकरण झाले पाहिजे. ते मागणे हा पीडिताचा अधिकार आहे. ई-कोर्ट सेवेवर सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की कुडाळच्या किंवा ओरोसच्या न्यायालयातली पुढची तारीख घरबसल्या कळते. केवळ तारीख विचारायला एक दिवसाची मजुरी बुडवायची गरज नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि सिंधुदुर्गच्या पक्षकाराची मुंबईवारी टळली. त्याचे उद्घाटन तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झाले, हा योग आपल्याला अभिमानाचा वाटला. पण बेंच जवळ आले तरी कागद वाचणारा पक्षकार तयार व्हायला हवा.

आणि सातबारा! कोकणात खोताच्या वहीत आपल्या बापजाद्यांचे नाव असायचे ते देण्याच्या बाजूला. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले ते याचसाठी. आज महाभूलेखवर आपल्या जमिनीचा उतारा मोबाईलवर दिसतो. किती चाकरमान्यांनी तो उघडून पाहिला? सामाईक जमिनीत कुणाचे नाव गळले, कुणाचे नव्याने चढले, हे वर्षातून एकदा तरी पाहावे. हायवे आणि पर्यटनाच्या नावाने जमिनीचे भाव वाढलेल्या या जिल्ह्यात ज्याने उतारा पाहिला नाही, त्याला एक दिवस आपलीच जमीन परकी दिसेल.

मुलींबद्दल वेगळे लिहिले पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९-२१ नुसार देशात स्वतः वापरायचा मोबाईल ५४ टक्के स्त्रियांकडे होता. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३.३ टक्के, पुरुष ५७.१ टक्के. हे अंक पाहून मनुवाद्यांना नावे ठेवण्याआधी आपल्या घरात पाहावे. मुलाला वीस हजारांचा फोन आणि मुलीला "कशाला हवा?" असे आपल्याही घरात होते. केरळमधील एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात संध्याकाळी मुलींना मोबाईल वापरायला बंदी होती. फहीमा शिरीन नावाच्या विद्यार्थिनीने त्याला आव्हान दिले आणि १९ सप्टेंबर २०१९ रोजी केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचा निर्णय दिला. तिच्या वडिलांनी तिला साथ दिली होती. आपल्या वाडीतले किती बाप देतील?

मूकनायक ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला केसरीने नकार दिला, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदवले आहे. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले म्हणून ते पत्र उभे राहिले. बहिष्कृत भारतचे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना स्वतः लिहून भरावे लागले. त्यांच्याकडे ना खिळे जुळवायला हात होते, ना वर्गणीदार होते. आज तुमच्या खिशात छापखाना आहे, ग्रंथालय आहे, टपालखाते आहे. आणि आपण त्यावर काय करतो? शुभ सकाळ, वाढदिवसाचे केक, नेत्यांचे बॅनर आणि दुसऱ्या गटाच्या कार्यकर्त्याची उणीदुणी.

म्हणून ग्रामीण मंडळांना आणि मुंबई मंडळांना माझी विनंती आहे. नवे ट्रस्ट काढायची गरज नाही, पावती पुस्तक फाडायची गरज नाही. रविवारी विहारात बुद्धवंदना होते. वंदनेनंतर एक तास मोबाईल हातात घेऊन बसा. पहिल्या रविवारी ब्राउझर आणि जाहिरात रोखणारे ॲड-ऑन. दुसऱ्या रविवारी शासनाचे खरे संकेतस्थळ कसे ओळखायचे. तिसऱ्या रविवारी सातबारा आणि न्यायालयातील तारीख. चौथ्या रविवारी अत्याचाराचे चित्रण कसे करायचे आणि ते कसे जपायचे. जे पान उघडेल ते पीडीएफ करून फोनमध्ये साठवा, म्हणजे पावसात टॉवर बंद पडला तरी वाचन थांबणार नाही. ज्या म्हाताऱ्या आयांना वाचता येत नाही त्यांच्या फोनवर मजकूर वाचून दाखवणारी सोय सुरू करून द्या. ती आता मराठीत आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. वर्षावासात तीन महिने 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतो, त्याच बैठकीत महिन्याला एक निकाल किंवा एक शासन निर्णय मुळातून वाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या अनेक निकालांची मराठी भाषांतरेही आता मिळतात. शिकवायला बाहेरून तज्ज्ञ आणू नका. वाडीतली बारावीची मुलगी शिकवू शकेल. तिलाच पुढे बसवा.

माझी आई आज नाही. शेवटच्या वर्षांत तिच्याकडे साधा बटनांचा फोन होता आणि तो ती कमरेच्या पिशवीत ठेवायची. मुंबईहून फोन आला की ती मुद्दाम ओटीवर येऊन, मोठ्याने, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असे बोलायची. मला तेव्हा हसू यायचे. आता कळते, स्वतःच्या ओटीवर बसून बोलण्याचा तो आनंद होता. तिने ते दुसऱ्याचे खळे सोडले. आपण मात्र महागडा फोन हातात घेऊन पुन्हा कुणाच्या तरी खळ्यात, खिडकीतून काय बाहेर येते याची वाट पाहत उभे आहोत. शिकलेल्या माणसाला हे शोभत नाही. खिडकी आपल्या हाताने उघडायला शिका.

अत्त दीप भव. जय भीम!